वाढप्याचा अनुभव कोणाच्या खर्चाने?

उपाहारगृहांतील सेवा घसरली आहे, ही तक्रार आता कोणा एका शहराची अथवा एका वर्गाची राहिलेली नाही. दादर-माटुंग्यात, पुण्याच्या पेठांत, नागपूरच्या सीताबर्डीत किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोर, कोठेही टेबलाशी जाऊन बसावे, प्रत्यय बहुधा सारखाच येतो. पाणी मागितल्यावाचून मिळत नाही. सांगितलेला पदार्थ शेजारच्या टेबलावर जातो आणि शेजाऱ्याचा आपल्यापुढे येतो. आज काय चांगले आहे असे विचारले, तर वाढणारा मुलगा छापील पत्रकाकडे बोट दाखवितो. गिऱ्हाईक म्हणते, "पूर्वीची माणसे राहिली नाहीत." गल्ल्यावर बसलेल्या मालकाला विचारावे, तर तोही नेमके हेच वाक्य उच्चारतो. एरवी दराच्या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे राहणारे हे दोन पक्ष या एका निदानावर एकमत व्हावेत, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. दोघांचेही एकमत होते ते तिसऱ्या, तेथे बोलावयास हजर नसलेल्या पक्षाविषयी, म्हणजे नोकराविषयी. आजची पिढी कष्टाला नाखूष आहे, एका जागी टिकत नाही, तिला कामाची लाज वाटते, असा निवाडा देऊन दोघेही मोकळे होतात.

हा निवाडा मान्य करण्यापूर्वी 'अनुभवी माणसांची टंचाई' या शब्दप्रयोगाचा अर्थ तपासून पाहिला पाहिजे. अर्थशास्त्रात टंचाई हा शब्द एकटा वापरता येत नाही. कोणत्या किंमतीला टंचाई, हा प्रश्न त्याच्यामागोमाग यावाच लागतो. बारा तासांची पाळी, माळ्यावरची अथवा बंद झालेल्या हॉटेलातील टेबलांवरची झोप, सुटी मालकाच्या मर्जीवर आणि भविष्यनिर्वाह निधीचा पत्ता नाही, अशा अटींवर अनुभवी माणूस मिळत नसेल, तर त्यावरून माणसे संपली असे सिद्ध होत नाही. त्या अटी आता कोणी पत्करीत नाही, एवढेच सिद्ध होते.

कौशल्य कशाला म्हणावे?

वाढप्याचे काम अकुशल आहे, असा आपल्या समाजात पक्का समज आहे. किमान वेतनाच्या कोष्टकातही त्याची जागा खालच्या रकान्यांत असते. परंतु एखाद्या जुन्या, मुरलेल्या वाढप्याकडे दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहिले, तर हा समज टिकत नाही. सहा-सात टेबलांवरील वीस-बावीस माणसांनी काय मागितले हे तो कागदावाचून ध्यानात ठेवतो. आत ऑर्डर पुकारताना भट्टीवरच्या आचाऱ्याला कोणता जिन्नस आधी लागेल आणि कोणता मागाहून, याचा क्रम त्याने मनाशी जुळविलेला असतो. डोसा तव्यावरून उतरल्याबरोबर जायला हवा, सांबार दोन मिनिटे थांबले तरी चालेल, हे तो जाणतो. कोण घाईत आहे, कोणाला एकटे बसू द्यावे, लहान मुलाचे ताट आधी आणले की त्या टेबलावरचा सारा गोंधळ शांत होतो, हे त्याला माणसे पाहूनच कळते. स्वयंपाकघरातून हात रिकामे घेऊन यायचे नाही आणि टेबलाकडून रिकाम्या हाताने परतायचे नाही, हा त्याचा पहिला धडा असतो. अशा माणसामुळे चार माणसांचे काम तिघांत होते, अन्न वाया जात नाही आणि टेबल लवकर मोकळे होते. थोडक्यात, तो मालकाचे भांडवल अधिक वेगाने फिरवीत असतो.

हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, हे खरे. ते येण्यास दोन-तीन वर्षांचा काळ लागतो, त्या काळात चुका होतात, बशा फुटतात, गिऱ्हाईक रागावते. या सर्वांचा एक खर्च असतो. हा खर्च पूर्वी कोण सोशीत होते, आज कोणी सोसावा आणि प्रत्यक्षात तो कोण टाळतो आहे, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

पूर्वी अनुभव कसा घडत असे?

मुंबई-पुण्यातील उडुपी उपाहारगृहांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. माटुंग्याला १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू करणारे रामा नायक हे स्वतः लहान वयात उडुपीकडून मुंबईस येऊन स्वयंपाकघरात पडेल ते काम करीत वर आलेले होते. या व्यवसायातील कितीतरी मालकांचा पूर्वेतिहास असाच आहे. गावचा मुलगा नात्यातल्या अथवा गावकीतल्या मालकाकडे येई. प्रथम कपबश्या विसळणे, मग टेबलावर फडका मारणे, मग पाणी देणे, मग वाढणे, त्यानंतर गल्ला आणि नशीब व पत जुळल्यास स्वतःचे हॉटेल, अशी ही शिडी होती. अनेक मुले दिवसभर काम करून रात्री कन्नड रात्रशाळांत शिकली. मुंबईतील अशा रात्रशाळांनी केलेले काम या शहराच्या शैक्षणिक इतिहासात नोंदविण्याजोगे आहे. पुढे कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्यात मोठी सुधारणा होऊन जमीन कसणाऱ्याकडे गेली, तेव्हा जमिनीचा आधार सुटलेल्या कुटुंबांतील तरुणही या धंद्याकडे अधिक प्रमाणात वळले.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिचा पाया बालमजुरीवर होता. शिकण्याचा सारा खर्च तो मुलगा आपल्या बालपणातून, झोपेतून आणि तुटपुंज्या पगारातून भरीत असे. पोऱ्याच्या पाठीत बसलेल्या धपाट्यांचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नाही. जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या कार्याचा आरंभ मंगळूरला हॉटेल व मोटार वाहतूक कामगारांची संघटना बांधून केला, यावरून या कामगारांची स्थिती काय असावी याची कल्पना येते. मात्र हेही नमूद केले पाहिजे, की त्या मुलापुढे एक आश्वासन होते. आज सोसलेले उद्या फळेल, कारण शिडीच्या वरच्या पायरीवर आपल्याच गावचा माणूस बसलेला आपण रोज पाहतो, हा विश्वास त्याला टिकवून धरीत असे.

कायद्याने या व्यवस्थेचा पाया काढून घेतला आणि ते योग्यच झाले. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ साली झाला. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, धाबे व चहाची दुकाने येथे कामास ठेवण्यास बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी, कौटुंबिक व्यवसायासारखे अपवाद वगळता, सर्वच धंद्यांना लागू झाली. मुलाच्या माथ्यावरून शिक्षणाचा खर्च उतरला. तो दुसऱ्या कोणीतरी उचलावयास हवा होता, परंतु तो कोणीच उचलला नाही.

झरा आटला

आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलेला विकासाचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. शेतीत अतिरिक्त श्रमिक आहेत तोवर शहरातील धंद्याला जवळजवळ स्थिर वेतनावर हवी तेवढी माणसे मिळत राहतात. हा साठा आटू लागला की वेतन वाढवावे लागते. उडुपी आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांत नेमके हेच घडले. तेथे शिक्षण पसरले, कुटुंबे लहान झाली, मुले बँकांत, आखाती देशांत आणि बेंगळूरच्या कचेऱ्यांत गेली. ज्यांच्या आजोबांनी कपबश्या विसळल्या, ते नातू संगणकापुढे बसले. यात दुःख मानण्यासारखे काय आहे? त्या आजोबांनी कष्ट उपसले ते याचसाठी. कोकणातून गिरगाव-दादरच्या मराठी उपाहारगृहांत येणाऱ्या मुलांची गोष्टही फारशी वेगळी नाही.

हॉटेलधंद्याने यावर उपाय शोधला तो वेतन अथवा राहणीमान सुधारण्याचा नव्हता. त्याने आणखी दूरचा झरा शोधला. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, बंगाल, ईशान्येकडील राज्ये आणि नेपाळ येथून माणसे येऊ लागली. ती मेहनती आहेत. परंतु ती ठेकेदारामार्फत अथवा तोंडओळखीने येतात, मालकाशी त्यांचा गावचा संबंध नसतो आणि गल्ल्यावर आपण कधी बसू, अशी आशा त्यांना वाटावी असे काही दिसत नाही. वाढणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून आपण रागावतो. मात्र तो येथे सहा महिन्यांहून अधिक राहील, अशी परिस्थिती आपण निर्माण केली आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

२०२० साली या नात्याचा कस लागला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी झाली. हॉटेले बंद पडली, त्यासरशी बहुतेकांचा पगार बंद झाला आणि हॉटेलातच झोपणाऱ्याचे तर छप्परही गेले. १ मेपासून सुटलेल्या श्रमिक गाड्यांनी आणि त्याआधी पायी गेलेल्यांत उपाहारगृहांतील माणसे मोठ्या संख्येने होती. काही मालकांनी त्यांना जेऊ घातले, सांभाळले, याची कृतज्ञ नोंद घेतली पाहिजे. परंतु ५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातील उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने पुन्हा उघडली, तेव्हा गेलेल्यांपैकी सगळे परतले नाहीत. संकटकाळी आपले कोणी नाही हे ज्याला एकदा कळले, त्याने निष्ठा ठेवावी ती कोणावर?

याच सुमारास त्याच्यापुढे दुसरा पर्यायही उभा राहिला. दुचाकी आणि भ्रमणध्वनी असला, की घरोघर अन्न पोहोचविण्याचे काम मिळते. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा प्रकारची कामे करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. या कामातही सुरक्षितता नाही, पेट्रोल आणि अपघाताचा धोका कामगाराच्याच वाट्याला येतो. तरीही तरुण ते पत्करतात, याचे एक कारण असे की, तेथे डोक्यावर ओरडणारा शेठ नसतो आणि काम केव्हा थांबवायचे हे निदान काही अंशी आपल्या हाती असते. गिऱ्हाइकाने चुटकी वाजवून बोलावण्याचा अपमानही तेथे कमी. श्रमाच्या बाजारात प्रतिष्ठेलाही किंमत असते, हे आपण विसरतो.

शिकवायचे कोणी?

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. तो म्हणतो, "मी माणूस तयार करतो आणि तो तयार झाला की पलीकडच्या चौकातला हॉटेलवाला हजार रुपये जास्त देऊन त्याला घेऊन जातो." ही तक्रार खोटी नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलाविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले, की जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, ते शिकविण्याचा खर्च करण्यास एकटा मालक सहसा तयार होत नाही. मग तो खर्च शिकणाराच कमी वेतनाच्या रूपाने सोसतो. परंतु कमी वेतनावर शिकायला यावे, तर पुढे काहीतरी मिळण्याची खात्री लागते. ती शिडीच नाहीशी झाल्यावर शिकणारा येत नाही आणि शिकविणारा शिकवीत नाही. प्रत्येक मालक दुसऱ्याने घडविलेल्या माणसाची वाट पाहत बसतो. सर्वांनीच अशी वाट पाहिली, म्हणजे अनुभवी माणसे मिळेनाशी होणार हे उघड आहे.

दुसरी अडचण बॉमोल यांनी १९६६ साली संगीत-नाट्यादी कलांच्या संदर्भात मांडली होती. कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराचे उत्पादन दसपट होते. चौघांनी वाजवायची रचना मात्र आजही चौघांनीच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागते. वाढप्याचेही तसेच आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो जितकी टेबले सांभाळी, तितकीच आज सांभाळील. म्हणजे इतर क्षेत्रांतील वेतन वाढत गेले की त्याची सेवा तुलनेने महाग होत जाणार. हा कोणाचा अपराध नाही, तो विकासाचाच परिणाम आहे. पण त्याची किंमत कोणीतरी द्यावी लागते. मालकाला ती नफ्यातून द्यायची नसते आणि आपल्याला दरातून द्यायची नसते. म्हणून ती सेवेच्या दर्जातून वसूल होते.

शिक्षणसंस्थांनी हे काम करावयाचे, तर मुंबईत दादरची खानपान-व्यवस्थापन शिकविणारी संस्था १९५४ पासून आहे आणि पुढे देशभर तशा अनेक निघाल्या. पण तेथील पदवीधर पंचतारांकित हॉटेलांत, विमानांत आणि जहाजांवर जातात. राइस प्लेट वाढणाऱ्या उपाहारगृहासाठी माणूस घडविणारी शाळा आपण काढलेली नाही.

सेवाशुल्काचा धडा

सेवेच्या नावाने पैसे घेतलेच जात नाहीत, असेही नाही. बऱ्याच मोठ्या उपाहारगृहांनी बिलात 'सेवाशुल्क' म्हणून परस्पर भर घालण्यास सुरुवात केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हे शुल्क आपोआप आकारण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली. ग्राहकांनी या निकालाचे स्वागत केले, ते रास्तच होते. परंतु त्या वादात एक प्रश्न बाजूलाच राहिला. त्या शुल्कातला किती भाग वाढणाऱ्याच्या हातात पडत होता, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोय काय होती? सेवेचे मोल बिलाच्या तळाशी वेगळे दाखविणे आणि सेवकाचे वेतन बक्षिशीच्या भरवशावर सोडणे, या दोन्हींत एकच वृत्ती आहे. काम धंद्याचे, पण त्याचा मोबदला गिऱ्हाइकाच्या लहरीवर. पदार्थाच्या किंमतीत पीठ, तेल, जागेचे भाडे समाविष्ट असते, तसेच वाढणाऱ्याचे पूर्ण वेतनही असावयास हवे.

दोन प्रामाणिक मार्ग

याच देशात, याच धंद्यात, शिडी शाबूत ठेवणारा एक प्रयोग झालेला आहे. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा बेकार होऊ घातलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था स्थापन केल्या. १९५७ साली बेंगळूर व दिल्ली येथे आणि १९५८ साली त्रिचूर येथे त्यांचा आरंभ झाला. 'इंडियन कॉफी हाऊस' या नावाने त्या आज ओळखल्या जातात. तेथे फेट्याला तुरा लावून कॉफी आणून देणारा माणूस संस्थेचा सभासद असू शकतो, तळच्या कामापासून व्यवस्थापकपदापर्यंत चढू शकतो. सर्वच शाखा भरभराटीत आहेत असे नाही. काही बंद पडल्या, काहींना जागा सोडावी लागली. तरी एकाच ठिकाणी आयुष्य काढलेले वाढपी तेथे भेटतात, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. त्यांना टिकण्याचे कारण दिले गेले, म्हणून ते टिकले.

सर्व उपाहारगृहे सहकारी व्हावीत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण दोन मार्ग प्रामाणिक आहेत. पहिला म्हणजे सेवा देत नाही असे सरळ सांगणे. बेंगळूरला १९८० च्या दशकात निघालेल्या 'दर्शिनी' उपाहारगृहांनी हेच केले. पैसे आधी द्या, बशी स्वतः घ्या, उभ्याने खा. तेथे वाढपी नाही, म्हणून दर कमी. यात कोणाची फसवणूक नाही. दुसरा मार्ग सेवा द्यायची असेल तर तिची किंमत मोजण्याचा. आठवड्याची सुटी, झोपण्यास स्वतंत्र जागा, भविष्यनिर्वाह निधी आणि दर दोन वर्षांनी वेतनासह वरची पायरी, एवढे तरी त्यात आले पाहिजे. शिकविण्याचा भार वाटून घेण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देते. लहान उपाहारगृहांना एकेकट्याने हे जमणार नाही, पण शहराशहरांतील त्यांच्या संघटनांना एकत्रित प्रशिक्षण आणि सर्वत्र मानले जाईल असे प्रमाणपत्र सुरू करणे अशक्य नाही. जो मालक माणूस पळविण्याची भीती सांगतो, त्याच्या भीतीला हेच उत्तर आहे.

तिसरा मार्ग अप्रामाणिक आहे आणि आज तोच रूढ होतो आहे. टेबले तेवढीच ठेवावयाची, माणसे कमी करावयाची, कालच आलेल्या मुलाला आज टेबलावर उभे करावयाचे आणि वर 'चांगली माणसे मिळत नाहीत' असे म्हणावयाचे.

दर वाढले तर मध्यमवर्गाने, मासिक पगारावर जगणाऱ्या शिक्षक-कारकुनांनी काय करावे, हा प्रश्न टाळता येणार नाही. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहू. एक वाढपी दिवसाला ६० गिऱ्हाइके सांभाळतो आणि महिन्यात २६ दिवस काम करतो असे धरले, तर महिन्याला १,५६० गिऱ्हाइके होतात. त्याचे वेतन ६,००० रुपयांनी वाढविले, तर दर गिऱ्हाइकामागे चार रुपयांहूनही कमी बोजा पडतो. स्वयंपाकघरात व मोरीवर राबणाऱ्यांसाठी तेवढेच आणखी धरले, तरी तो आठ रुपयांच्या आत राहतो. हे आकडे गृहीत आहेत, ठिकाणपरत्वे ते बदलतील. पण प्रश्नाचे प्रमाण काय आहे, हे त्यांवरून लक्षात येते. आपण ज्याला परवडत नाही म्हणतो, ते पुष्कळदा मागितलेच गेलेले नसते.

शेवटी हा विषय केवळ चहा-फराळाचा नाही. अनुभवाला दाम न देता अनुभवाचे फळ मात्र हवे, ही वृत्ती उपाहारगृहाच्या दारातच थांबलेली नाही. आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे अध्यापक आहेत, कचेऱ्यांत कंत्राटी कारकून आहेत. त्यांनाही पुढची पायरी दिसत नाही आणि त्यांच्याही बाबतीत 'पूर्वीची निष्ठा राहिली नाही' असे सहजपणे म्हटले जाते. हे म्हणणे ज्यांना अन्यायाचे वाटते, त्या शिक्षकांनी, कारकुनांनी आणि उद्या त्यांच्या जागी उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी टेबलाशी गोंधळून उभ्या असलेल्या मुलाविषयी तेच वाक्य उच्चारू नये. त्याला काम शिकण्यास किती दिवस मिळाले आणि शिकल्यावर त्याच्या वाट्याला काय येणार आहे, याची चौकशी त्यांनी मालकाकडे करावी. गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तर मालकांना त्याचे उत्तर शोधावेच लागेल.